साखरेची माती

मास्टर माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, नखांकडे बघून बोलत. नमस्काराला हात जोडले की त्यांची नजर तुमच्या बोटांच्या टोकांवर जाऊन बसायची आणि बोलणं संपेपर्यंत तिथून हलायची नाही. बी.एस्सी. झाल्या झाल्या मी सुरतेजवळ, कडोदऱ्याच्या एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये लागले, तिथे ते डाईंग मास्टर होते. साडीच्या कापडाला कुठला रंग, किती, केवढ्या उष्णतेला आणि किती वेळ, हे ठरवणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "रक्त कमी आहे तुमच्यात. हाळीव खा." आणि कापडाच्या तुकड्यांकडे वळले.

रक्त खरंच कमी होतं. ते मला दोन महिन्यांनी, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत कळलं.

त्यांच्या डोळ्यांत रंग टिकून राहत. एखादा व्यापारी सहा महिन्यांपूर्वीचा मोरपंखी मागायला आला की बाकीचे मास्टर जुना नमुना शोधायचे. हे डोळे मिटून उभे राहत आणि मग भांड्यात रंग टाकू लागत. कापड बाहेर आलं की तोच मोरपंखी. तेवढ्यापुरतं सगळ्यांना त्यांचं कौतुक होतं. पण त्यांचे डोळे कापडावर थांबत नसत, ही अडचण होती. घडी खात्यात एक धिप्पाड कामगार होता, ओरिसाकडचा, सतत गाणारा. त्याला एकदा हे जाता जाता म्हणाले, "तुमच्या डोळ्यांतला पांढरा दोन शेड उतरलाय. घरी जाऊन या." तो हसला, त्याने बाकीच्यांनाही सांगून हसवलं. महिनाभरात त्याचे डोळे हळदीसारखे झाले. गावी गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून मास्टर खात्यात शिरले की माणसं हात खिशात घालत. बायका पदराखाली घेत. मशिनं चालू असायची, म्हणून कुणी काही बोललं तरी ऐकू येत नसे. फक्त एकेक करून सगळे हात दिसेनासे होत.

आम्ही राहायचो त्या बैठ्या खोल्या मिलच्या मागे, कालव्याच्या कडेला होत्या. रांगेतली शेवटची खोली त्यांची. मूळचे यवतमाळकडचे. एरवी स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलत, पण घाई झाली की वऱ्हाडी तोंडात येई. बायको वारली होती, मूल नव्हतं. खोलीच्या दोन्ही बाजूंना आणि छपरावर वेली चढलेल्या. त्यातली एक वेल ते डांगच्या जंगलातून मुळासकट घेऊन आले होते. साधी दिसणारी, समोरासमोर पानं, पानांना बारीक लव. नाव गुडमार. त्या वेलीशी ते अहो-जाहो बोलत. "आज उन्हाचा त्रास झाला तुम्हाला," असं एकदा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

माझे वडील लवकर गेले. आम्ही शहाद्याकडच्या, सुरतेत लूमवर आलेल्या माणसांपैकी. घरात मी आणि माझी माय. मायला मधुमेह होता आणि डाव्या पायाच्या अंगठ्याखाली एक जखम होती, ती वर्ष झालं तरी भरत नव्हती. मास्टर दारावरून जाताना त्या पायाकडे बघत. मायला ते अजिबात आवडत नसे. "तो माणूस माले दखत नही," ती म्हणायची, "मना पाय दखस."

त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले ते त्यांनी बोलावलं म्हणून. त्यांना अर्क गाळायला दोन हात कमी पडत होते. आत पलंगापेक्षा टेबल मोठं. गुडमारची पानं वाळवून, कुटून, स्पिरिटमध्ये भिजवून ते त्यांचा काळपट हिरवा अर्क काढत. मग त्याचा एक थेंब कागदाच्या पट्टीच्या खालच्या टोकाला लावून पट्टी काचेच्या भांड्यात उभी करत. द्राव कागदात वर चढे आणि त्याबरोबर पानातली द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबत. थोडी हिरवी, थोडी पिवळी. बाकीचा कागद कोरा. मग ते तो कोरा कागद एका झाकणाच्या भांड्यात ठेवत, तळाशी आयोडीनचे दोन खडे. जांभळी वाफ दाटायची आणि जिथे काही नव्हतं तिथे तपकिरी डाग उमटत, एकावर एक, पाच, सहा, सात. आतून कुणीतरी कागदाला बोटं टेकवतंय असं वाटायचं. कागद बाहेर काढला की काही मिनिटांत डाग पुन्हा नाहीसे होत. ते पेन्सिलीने घाईघाईने त्यांच्याभोवती गोल काढून ठेवत.

"यातला एक कुणीतरी साखर उतरवतो," ते म्हणाले. "कोणता, ते अजून कळत नाही."

"म्हणजे औषध आहे."

"औषध नाही." ते पहिल्यांदा माझ्या हातांवरून नजर उचलून माझ्याकडे बघत म्हणाले. "हे झाडाने किड्यांसाठी केलंय. किड्याने एक पान खाल्लं की त्याची चव जावी, दुसरं त्याने खाऊ नये. तुमच्या आईसाठी नाही केलेलं. त्यात आपल्या कामाचं काही असेल. असेलच. पण ते किती, कुणाला, किती दिवस आणि त्याच्याबरोबर दुसरं काय पोटात जातं, हे कळेपर्यंत ते फक्त एक पान आहे."

मग त्यांनी मला एक पान चावायला दिलं. कडवट, गवतासारखं. दोन मिनिटं तोंडात घोळवायला लावलं, चूळ भरायला लावली आणि तळहातावर चमचाभर साखर ठेवली.

मी ती तोंडात टाकली. साखर नव्हतीच ती. दाताखाली बारीक वाळू करकरली. ओली, थंड वाळू, कसलीच चव नसलेली. मी पुन्हा हाताकडे बघितलं. पांढरे स्वच्छ दाणे. डोळे साखर म्हणत होते आणि जीभ माती म्हणत होती. मला एकदम भीती वाटली, का ते सांगता येणार नाही. मी थुंकायला बाहेर पळाले.

"तासाभरात येईल परत," आतून त्यांचा आवाज आला. "येतेच."

तरी मी संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळाने साखरेचा दाणा जिभेवर ठेवून बघत होते.

त्यांच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती, तीवर काचनळ्यांची रांग. प्रत्येकीचं तोंड मेणाने बंद. डावीकडच्या नळ्यांच्या तळाशी विटेच्या रंगाचा गाळ, मग नारिंगी, मग पिवळा, हिरवा. आणि त्यानंतर उजव्या भिंतीपर्यंत नुसत्या निळ्या. एकसारख्या, नितळ निळ्या. खिडकीतून ऊन आलं की समोरच्या भिंतीवर निळी पट्टी पडे. मी केमिस्ट्रीची होते, लघवीतली साखर तपासायचे रंग मला माहीत होते, विटेसारखा लाल म्हणजे भरपूर साखर, निळा म्हणजे नाहीच. पण एवढ्या नळ्या कुणी जपून ठेवत नाही. मी विचारलं तेव्हा ते "जुनं काम आहे" एवढंच म्हणाले आणि पडदा ओढून घेतला.

मग प्लेगचं वर्ष आलं. गणपती बोळवले त्याच आठवड्यात सुरतेत माणसं तापाने जायला लागली, अशी बातमी आली. चौथ्या दिवशी आमच्या चार रस्त्यावर, चौकात, उभं राहिलं की शहर वाहून जाताना दिसत होतं. ट्रक, टेम्पो, स्कूटर, पायी. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, साडीचे तुकडे, लहान मुलांच्या तोंडाला फडकी. एवढी माणसं जात होती, पण बोलत कुणीच नव्हतं. फडक्यांवरचे नुसते डोळे जात होते. आठवडाभरात मिल बंद झाली. आमच्या रांगेतल्या बारा खोल्यांपैकी दहांना कुलपं लागली. मायला चालवत नव्हतं, म्हणून आम्ही राहिलो. मास्टर का राहिले, कुणी विचारलं नाही.

मशीन बंद पडल्यावर तिथे किती शांतता असते हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं जमीन पायाखाली थरथरत असे, ती थांबली. कालव्याचं पाणी ऐकू येऊ लागलं. मास्टर सकाळी तोंडाला पांढरं फडकं बांधून कामरेजच्या बाजूला चालत जात आणि दुपारी पानांचं गाठोडं घेऊन येत. रस्त्यावर तेवढा एकच माणूस.

मायचा डॉक्टर दवाखान्याला टाळं लावून गेला होता. औषधांचं दुकान बंद. गोळ्या पंधरा दिवसांच्या होत्या, पण जखमेला वास येऊ लागला होता आणि मिलच्या लॅबमधून आणलेल्या द्रावात मी लघवी तपासली की नळी विटेसारखी लाल होत होती. मी मास्टरांकडे गेले.

"अर्क द्या थोडा. गोळ्यांबरोबर देते."

"नाही."

"पाय जाईल तिचा, मास्टर."

"रोज मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुवा. उकळलेलं फडकं बांधा. गोळ्या वेळेवर द्या, जेवण वेळेवर द्या. हे नाही मिळणार."

त्यांनी एवढं बोलून दार लावून घेतलं. मला त्या क्षणी त्यांचा जो राग आला, तसा आजवर कुणाचा आला नाही. भरलेल्या बाटल्या घेऊन बसलेला माणूस, आणि माझी माय दहा पावलांवर कुजते आहे.

त्यांच्या खोलीला कुलूप नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालव्याच्या वळणाआड गेले आणि मी आत शिरले. गुडमारची बाटली मला माहीत होती, मीच भरली होती. रिकाम्या शिशीत मी त्यातला अर्क ओतून घेतला. तेवढ्यात टेबलावरच्या उघड्या वहीकडे लक्ष गेलं. मिलमध्ये शेड कार्ड असतात तशी पानं, प्रत्येकावर सुताचे छोटे छोटे रंगवलेले झुबके चिकटवलेले, खाली तारखा. पण हे साडीचे रंग नव्हते. फिकट गुलाबी, मातकट, करडे, पिवळसर. वर नावं होती. आमच्या रांगेतल्या माणसांची. एका पानावर 'घडी खातं' आणि तीन झुबके, शेवटचा हळदीसारखा. ते पान तिथेच संपलं होतं.

मायचं पान मधे होतं. नखं, तळपाय, ओठ. दर महिन्याचा एकेक झुबका. शेवटच्या झुबक्यात गुलाबी जवळजवळ राहिलंच नव्हतं. त्या माणसाने माझ्या आईचा रंग सुतावर चढवून ठेवला होता, महिन्यामागून महिना, आणि तो उतरत चालला होता. मी शिशी पदरात धरून पळत घरी आले.

चार दिवस मी तिला सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा देत होते. काढा आहे, म्हणून सांगितलं. नळीचा रंग उतरला, नारिंगी झाला, मग पिवळा, मग हिरवट. मी खोलीत एकटीच हसले होते, मला आठवतं. माय मात्र जेवत नव्हती. भाजी येत नव्हती, आणि जे येईल ते विटाळलेलं असेल अशी तिला धास्ती. अर्धी भाकरी, तीही सोडायची. कशालाच चव नाही म्हणायची. गोळी मात्र मी चुकू देत नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला तिला दरदरून घाम आला. हात थरथरत होते. अंगात त्राण नाही म्हणाली. साखर चढली असेल, असं मला वाटलं. मी आणखी एक चमचा दिला. तो माझा चमचा मी अजून विसरलेले नाही.

अर्ध्या तासाने तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू कोन शे वं?"

मला वाटलं थट्टा करते आहे. तिचे डोळे माझ्या मागे, दाराकडे होते. तिथे कुणी नव्हतं. ती त्या कुणी नसलेल्या जागेशी बोलायला लागली. तिची धाकटी बहीण लहानपणी विहिरीत पडून गेली होती, तिला ती हाक मारत होती. आवाज माझ्या आईचा नव्हता. सातआठ वर्षांच्या मुलीचा होता. "ये ना वं, पानी थंडं शे," असं ती म्हणाली आणि हसली.

मी बाहेर धावले. दहा कुलपं. सरळ रस्ता, त्यावर एक कुत्रं झोपलेलं. आणि कालव्याच्या वळणावर पांढरं फडकं बांधलेले मास्टर, पाठीवर गाठोडं.

ते आत आले. त्या दिवशी त्यांनी नखं बघितली नाहीत. मायसमोर उकिडवे बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग मान न वळवता म्हणाले, "काय देलं तिले?"

"काही नाही. गोळी."

"साखर आण."

मी डबा दिला. त्यांनी चिमूटभर साखर मायच्या जिभेवर ठेवली. तिने तोंड वेडंवाकडं केलं आणि थुंकून टाकली. त्यांनी पुन्हा ठेवली. आता ती किंचाळली. दोन्ही हातांनी त्यांना ढकलत ओरडली, "मना तोंडमा माटी टाकी ऱ्हायनात! जित्ती शे मी! जित्ती शे!"

मास्टरांचा हात तसाच राहिला. साखर जिला माती लागते, तिच्या जिभेवर काय गेलंय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मला त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

"चिंच आहे?"

"आहे."

"कोळ. घट्ट. आंबट कळेल तोंडाले. गोडच तेवढं कळत नाही."

मी चिंच कोळली. त्यांनी त्यात दोन मुठी साखर ओतली, ढवळली, वर चिमूट मीठ टाकलं आणि लोटा तिच्या ओठाला लावला. "चिंचेचं पाणी आहे, आई. प्या." ते तिला आई म्हणाले, वयाने बरोबरीचे असून. तिने एक घोट घेतला, थांबली, मग दोन्ही हातांनी लोटा धरून गटागट प्यायली. मी दारात उभी राहून मोजत होते, काय मोजत होते ते देवाला ठाऊक.

पाव तासाने तिच्या ओठांचा रंग परत आला. तिने आजूबाजूला पाहिलं, मला पाहिलं, रिकामा लोटा पाहिला. "चिंचनं पानी व्हतं का हाई?" ती म्हणाली. "मीठ कमी पडनं."

मास्टर उठले नाहीत. गोळीचा जोर संध्याकाळपर्यंत राहतो, साखर पुन्हा फार खाली जाऊन ती बुडू शकते, म्हणून आमच्या उंबऱ्यावर बसून राहिले. दर अर्ध्या तासाने तिला उठवायचं, भाकरीचा तुकडा खायला लावायचा, नाव विचारायचं. मधल्या वेळात, बाहेरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत त्यांनी मला त्या निळ्या नळ्यांचं सांगितलं.

"माझ्या बायकोला हेच होतं. इंजेक्शनं घ्यायची. मी तिला अर्क द्यायला लागलो आणि रोज सकाळी नळी तपासायचो. लाल होती ती पिवळी झाली, हिरवी झाली, निळी झाली. निळीच राहिली. मी इंजेक्शन कमी केलं. आयुष्यभर रंगाचं काम केलेला माणूस मी, रंगावर विश्वास ठेवला. ती सांगत होती, पाय सुजतात, अंग जड होतं, अन्नाला चव नाही. मी म्हणायचो, नळी बघ. बघ किती निळी आहे."

"मग?"

"मूत्रपिंडं बंद पडत होती. साखर रक्तातच राहत होती, लघवीत उतरत नव्हती. नळी निळीच दिसणार होती. ती गेली त्या सकाळचीसुद्धा निळी आहे. उजवीकडची शेवटची."

मी मायला उठवून भाकरीचा तुकडा खायला लावला. मग मी विचारलं, "लोकांची नखं, ते सुताचे रंग... ते कशाला?"

त्यांनी वही मी पाहिली कशी, हे विचारलं नाही. "माणसाचा रंग आधी सांगत असतो. तिचा मला वाचता आला नाही. आता सगळ्यांचा वाचतो."

"वाचून काय करता?"

"काही नाही. करता येत नाही मला काही."

"मग हे अर्क अजून का काढता?"

"कारण त्यात काहीतरी आहे," ते म्हणाले. "तेच तर आहे, बाई. त्यात काहीच नसतं तर मी केव्हाच सोडलं असतं."

दिवाळीच्या आत माणसं परतली, मशिनं सुरू झाली, जमीन पुन्हा थरथरायला लागली. मायला मी मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्यांनी गोळ्या बदलल्या, जखम रोज धुवायला लावली. ती भरत आली. आणि माय सांगत सुटली. शेवटच्या खोलीतला माणूस हात लावतो तर मेलेलं माणूस उठतं. मी तर तिकडे गेलेच होते, ती म्हणायची, बहिणीशी बोलून आले, त्याने एक लोटा पाजला आणि ओढून आणलं. झाडपाल्याचं पाणी. माझा पाय बघा. ती ज्याला त्याला पाय दाखवायची.

मी तिला थांबवू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात मी चोर होते आणि आईला मारायला निघालेली मुलगी होते. मी गप्प बसले. मास्टरही गप्प बसले.

माणसं यायला लागली. आधी आमच्याच मिलमधली, मग कडोदऱ्यातली, मग शहरातून. तेच लोक, जे हात खिशात लपवायचे, आता हात पुढे करून उभे राहत. सकाळी दार उघडावं तर कालव्याच्या कडेने पंधरा-वीस माणसं बसलेली असत. पायांना फडकी बांधलेली, काहींच्या तोंडाला अजून रुमाल. आवाज नाही. मास्टर बाहेर येऊन हात जोडून म्हणत, "माझ्याकडे औषध नाही." माणसं मान हलवत आणि तिथेच बसून राहत. एक गुजराती म्हातारी लोटा मागत रोज तेच एक वाक्य म्हणायची, "मास्टर, मने एक लोटो आपो ने." कुणी उंबऱ्यावर नारळ ठेवला, कुणी हळदकुंकू. आठवडाभरात वेलींना हात पोचेल तिथपर्यंत एक पान राहिलं नाही. नुसत्या दोऱ्यांसारख्या फांद्या भिंतीला लटकत होत्या, आणि त्यात गुडमार कुठली आणि बाकीच्या कुठल्या हे खुडणाऱ्यांना माहीत नव्हतं.

परभणीकडची एक बाई होती, बांधकामावर जाणारी. आता लोटा मिळणारच म्हणून तिने इंजेक्शन सोडलं होतं. सहा दिवस ती दारात बसली. सातव्या दिवशी बसल्या जागी आडवी झाली. मास्टरांनी तिला उचलून रिक्षात घातलं, स्वतः दवाखान्यात नेलं. ती वाचली, असं पुढे कळलं. पण रिक्षा हलली तेव्हा बाकीची माणसं उठून उभी राहिली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर हेवा होता. तिला मास्टरांनी हात लावला होता.

दोन दिवसांनी त्यांनी नोकरी सोडली. सामान फार नव्हतं. बाटल्यांतला सगळा अर्क त्यांनी मिलच्या गटारात ओतला, वही चुलीत घातली. मी दारात उभी होते. ते माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "आईंना सांगितलंत का?"

"नाही."

"सांगा. माझं कुणी ऐकत नाही. मी नाही म्हटलं की लोकांना वाटतं लपवतोय. आईंचं ऐकतील."

काचनळ्यांची पेटी मांडीवर घेऊन ते टेम्पोत पुढे बसले. टेम्पो कामरेजच्या दिशेने गेला. कुठे जाणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि पुढे कधी कळलंही नाही.

त्याच दिवशी दुपारी मी मायला सगळं सांगितलं. शिशी, चमचा, पाचव्या दिवशीचा जादा चमचा, चिंचेत साखर. ती भिंतीला टेकून ऐकत होती. रडेल, शिव्या देईल, असं मला वाटत होतं.

"मंग त्यास्नी माले वाचाडं," ती म्हणाली, "ते काय खोटं शे?"

"नाही माय. ते खरं आहे."

"आनि दवा?"

"दवा नव्हतीच."

दुसऱ्या दिवशी उजाडायला नेहमीची माणसं येऊन बसली. खोलीला कुलूप होतं, तरी बसली. माय उठली, भिंत धरत धरत त्या खोलीपर्यंत गेली आणि उंबऱ्यावरचा नारळ बाजूला करून तिथे बसली. पाय पुढे पसरला. फडकं सोडून तिने त्यांना अंगठ्याखालची जागा दाखवली, जिथे कातडी आली होती पण अजून पातळ, चकाकत होती.

"आठे दवा नही शे, भाऊ," ती एकेकाला सांगू लागली. "मी बरी नही व्हयेल. मी फक्त वाचेल शे. तुम्ही दवाखानामा जा."

पहिल्या दिवशी कुणी उठलं नाही. ती दुसऱ्या दिवशीही जाऊन बसली. त्या हिवाळ्यात रोज सकाळी ती त्या बंद दारापुढे बसत असे आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत असे, शेवटचं माणूस यायचं थांबेपर्यंत.